शस्त्रपूजन होते, शस्त्रपरीक्षेचे काय?

विजयादशमीला आपण शस्त्रपूजन करतो. अमरावतीत अंबादेवीच्या दर्शनाला लोटणारी गर्दी, अकोल्याच्या बाजारपेठेत तराजूला वाहिलेली झेंडूची फुले, शेतकऱ्याने धुऊनपुसून पाटावर मांडलेले विळे-कोयते, पोलीस ठाण्यात ओळीने ठेवलेल्या बंदुका, हे दृश्य वऱ्हाडाला नवे नाही. परंतु पूजा म्हणजे केवळ फूल वाहणे नव्हे, हे आपला शेतकरी चांगले जाणतो. पाटावर ठेवण्यापूर्वी तो विळ्याला धार लावतो. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला असेल तर पाचर ठोकतो. ज्या हत्याराचे पाते ऐन घावाला निसटून स्वतःच्याच पायावर येईल, त्याला कुंकू लावण्यात कसली भक्ती? राष्ट्राने आपल्या जवानाच्या हाती दिलेल्या शस्त्राची अशी परीक्षा होते काय, आणि शस्त्र त्या परीक्षेत नापास झाले तर कोणाला जाब विचारला जातो, हा प्रश्न मात्र आपण दसऱ्याला विचारत नाही. दसऱ्यानंतरही विचारत नाही.

हा दिल्लीचा विषय, वऱ्हाडाचा त्याच्याशी संबंध काय, असे ज्याला वाटेल त्याने मुंबई-नागपूर लोहमार्ग डोळ्यांसमोर आणावा. अकोल्याहून पश्चिमेकडे निघाले की भुसावळच्या अलीकडे वरणगाव लागते. तेथील आयुधनिर्माणीत रायफलींची काडतुसे तयार होतात. अकोल्याहून पूर्वेकडे निघाले की मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव मागे टाकून गाडी वर्धा नदी ओलांडते आणि पुलगाव येते. तेथे लष्कराचे देशातील सर्वांत मोठे दारूगोळा कोठार आहे. काडतूस जेथे जन्माला येते आणि दारूगोळा जेथे साठविला जातो, त्या दोन गावांच्या मधोमध आपण राहतो. अमरावतीच्या राज्य राखीव पोलीस दलातील जवान गडचिरोलीच्या जंगलात बंदोबस्ताला जातो, तेव्हा त्याच्या खांद्यावर असलेली रायफल आपल्याच कोणाच्या तरी मुलाच्या भरवशाची असते. तेव्हा हा विषय आपल्या उंबरठ्यावरचाच आहे.

‘इन्सास’ची कैफियत

पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ रायफल घडविली आणि १९९०च्या दशकात ती सैन्यात आली. परदेशी रायफलींवरचे अवलंबित्व संपवणारे स्वदेशी शस्त्र म्हणून तिचे स्वागत झाले, आणि ते योग्यच होते. परंतु १९९९च्या कारगिल युद्धात तिची खरी कसोटी लागली. गोठविणाऱ्या थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझीनला तडे गेले. तीन गोळ्यांच्या फैरीवर कळ ठेवली असता रायफल अखंड गोळीबार करू लागे. गोळी झाडणाऱ्याच्या डोळ्यांत तेल उडत असल्याच्या तक्रारीही आल्या. हे दोष शत्रूने शोधलेले नव्हते. ते आपल्याच जवानांनी, जीव मुठीत धरून लढताना अनुभवलेले होते.

पुढे सुधारणा झाल्या, नाही असे नाही. तरीही २०१५ साली केंद्रीय राखीव पोलीस दलाने नक्षलग्रस्त भागातील आपल्या जवानांच्या हातातील इन्सास काढून घेऊन त्यांना एके-४७ दिल्या. कोणत्याही कारखानदाराला एवढ्या एका गोष्टीने झोप लागू नये. आपल्याच देशातले, आपल्याच शासनाचे दल आपला माल बाजूला ठेवून दुसऱ्याचा उचलते, याचा अर्थ कळायला परीक्षण-समितीची आवश्यकता नसते.

सैन्याला मग मोठ्या कॅलिबरची, ७.६२ मिलिमीटरची रायफल हवी होती. ५.५६ची गोळी हलकी. तिने शत्रू जखमी होतो, परंतु कित्येकदा तो लढत राहतो. ७.६२ची जड गोळी दूरवर जाते आणि घुसखोराला जागीच थांबवते. ही रायफल ईशापूरच्या कारखान्याने करून दाखवली. २०१७च्या जूनमध्ये सैन्याने ती चाचणीतच नाकारली. दोषांची संख्या मर्यादेच्या कितीतरी पट अधिक निघाली होती आणि मॅगझीनची तर संपूर्ण नव्याने रचना करावी लागेल, असा अभिप्राय होता. शेवटी २०१९ साली ७२,४०० ‘सिग ७१६’ रायफली अमेरिकेकडून विकत घ्याव्या लागल्या. शतकाहून अधिक परंपरा सांगणाऱ्या कारखान्यांच्या देशाने पायदळाची साधी रायफल परक्या दुकानातून आणावी, ही नामुष्की कोणाच्या खात्यावर मांडायची? आजवर ती कोणाच्याच खात्यावर मांडली गेलेली नाही.

गालाशी आलेला मृत्यू

मोठ्या कॅलिबरच्या रायफलीतील दोष म्हणजे नेमके काय, हे सामान्य वाचकाने समजून घेतले पाहिजे. कारण ‘थोडीफार त्रुटी’ हा सरकारी शब्दप्रयोग फार फसवा आहे. चाप ओढला की काडतुसातील दारू क्षणार्धात पेटते आणि आत दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन-चार हजार किलोग्रॅमचा दाब निर्माण होतो. तो दाब पोलादी नळी, काडतुसाचे पितळी कवच आणि त्याच्या पाठीशी घट्ट बसलेला बोल्ट यांनीच रोखायचा असतो. बोल्ट पुरता बसण्याआधी गोळी सुटली, कवचाचे पितळ ठिसूळ निघाले, दारूचे प्रमाण चुकले किंवा आधीची गोळी नळीतच अडकलेली असताना दुसरी झाडली गेली, तर तो दाब मागे फिरतो. मागे काय असते? जवानाचा गाल आणि उजवा डोळा. त्या स्फोटाचे ठिकाण आणि त्याचा चेहरा यांत चार बोटांचे अंतर असते. शिलाई यंत्राची सुई तुटली तर कापड वाया जाते. येथे माणूस जातो.

म्हणून शस्त्राच्या कारखान्यात गुणवत्ता हा नफ्यातोट्याचा विषय नसून धर्माचा विषय आहे. काडतुसांच्या प्रत्येक लॉटला क्रमांक असतो. ते कोणत्या कारखान्यात, केव्हा भरले गेले, कोणी तपासले, हे शोधून काढणे अशक्य नाही. अशक्य असते ते एवढेच की, सापडलेले नाव उच्चारणे.

‘वापरणाऱ्याची चूक’

२००५च्या ऑगस्टमध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांनी सैन्यतळावर हल्ला केला. त्यात ४३ सैनिक मृत्युमुखी पडले. भारताने दिलेल्या इन्सास रायफली दीर्घ गोळीबारात तापून बंद पडल्या, अशी तक्रार नेपाळी सैन्याने जाहीरपणे केली. भारतीय बाजूचे उत्तर काय होते? रायफलींचा वापर योग्य रीतीने झाला नसावा! प्रशिक्षणाची आणि तज्ज्ञ पाठविण्याची तयारी दाखविण्यात आली, हे खरे. परंतु पहिले वाक्य ‘चूक तुमची’ हेच होते.

हे उत्तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. २०२०च्या खरिपात सोयाबीन पेरले आणि ते हजारो एकरांवर उगवलेच नाही. शेतकरी पिशवी घेऊन दारी गेला, तेव्हा त्याला काय ऐकावे लागले? पेरणी खोल केली असेल. ओल पुरेशी नसेल. घरी नीट ठेवले नसेल. बियाणे आमच्याकडून निघाले तेव्हा उत्तमच होते! माल विकणाऱ्याचे हे ब्रह्मवाक्य आहे, मग तो माल बियाणे असो वा रायफल. फरक इतकाच की, बियाण्यासाठी तालुक्याची तक्रार निवारण समिती निदान शेतात येते, पंचनामा करते, कागद होतो. त्या कागदाच्या जोरावर शेतकरी ग्राहक मंचाचे दार ठोठावू शकतो. त्याच शेतकऱ्याचा मुलगा सीमेवर असेल आणि त्याच्या हातातली रायफल बंद पडली, तर त्याच्यासाठी कोणता तालुका, कोणता पंचनामा, कोणता मंच?

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९च्या नव्या कायद्याने उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणच जोडले आणि ते २०२०च्या जुलैपासून लागू झाले. मिक्सरच्या भांड्याचे पाते उडून गृहिणीचे बोट कापले, तर आज उत्पादकाला उत्तर द्यावे लागते. परंतु या देशात एक ग्राहक असा आहे, ज्याला दुकान निवडता येत नाही, माल पारखून घेता येत नाही, परत करता येत नाही आणि जाहीर तक्रार तर शिस्तभंगच ठरते. तो ग्राहक म्हणजे जवान. किंमत सरकार मोजते, माल सरकारी कारखाना देतो, तपासणी सरकारी संचालनालय करते आणि अपघाताची चौकशीही सरकारच करते. या वर्तुळात सर्व खुर्च्या एकाच घरच्या आहेत. जवान तेवढा वर्तुळाबाहेर उभा आहे.

पुलगावची रात्र

या वर्तुळाचा परिणाम आपण पुलगावला पाहिला. ३१ मे २०१६च्या पहाटे कोठारात आग लागली आणि स्फोट झाले. आगरगावसारख्या लगतच्या गावांतील माणसे लेकरेबाळे उचलून अंधारात घराबाहेर पडली. १९ जणांनी प्राण गमावले. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते. उरलेल्यांत बहुसंख्य आग विझवायला पुढे धावलेले जवान आणि नागरी कर्मचारी होते. जळाले ते रणगाडाविरोधी भूसुरुंग. त्यांतून स्फोटक पाझरत असल्याची बाब आगीच्या कितीतरी आधीपासून कागदोपत्री फिरत होती, असे त्या काळी प्रसिद्ध झाले. सदोष माल कोणी बदलून द्यायचा, कोणी नष्ट करायचा, दोष मुळात कोणाचा, यावर पत्रव्यवहार चालू होता. स्फोटकाला मात्र पत्रोत्तराची वाट पाहण्याची सवय नसते.

त्यानंतर आपण शहाणे झालो काय? २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत रोजंदारीवर कामाला आलेले गावकरी होते. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या जवाहरनगर आयुधनिर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगारांचा बळी गेला. सदोष शस्त्राचा पहिला बळी सीमेवरचा जवान असतो असे नाही. तो कारखान्यातला कामगार असतो, अग्निशमनदलाचा माणूस असतो, भंगार वेचणारा मजूर असतो.

सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराच्या एका अंतर्गत अहवालातील आकडे वृत्तपत्रांत आले. २०१४ पासूनच्या काळात सदोष दारूगोळ्यापायी सुमारे ९६० कोटी रुपये वाया गेले. त्यांपैकी ३०३ कोटी हे पुलगावच्या आगीनंतर नष्ट कराव्या लागलेल्या भूसुरुंगांचे होते. अपघातांत २७ जण मृत्युमुखी पडले आणि १५९ जखमी झाले. एवढ्या पैशांत शंभर मध्यम तोफा आल्या असत्या, असेही त्यात म्हटले होते. आयुधनिर्माणी मंडळाने याचे खंडन केले. बहुतेक अपघातांचे मूळ आमच्या मालात नाही. साठवण, हाताळणी, तोफेची देखभाल यांकडेही पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद ऐकून घेतलाच पाहिजे. सर्वच अपघात कारखान्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु दोन सरकारी यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवीत असताना खरे काय ते ठरविणारा तिसरा, निःपक्षपाती, या दोहोंचा मिंधा नसलेला कोणी असावा की नसावा? तो नाही, म्हणूनच हा वाद दरवेळी शिळ्या कढीसारखा उकळतो आणि पुन्हा झाकला जातो.

परकीयांकडून शिकायचेच तर

रायफली केवळ आपल्याच बिघडतात असे नाही. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेची एम-१६ ऐन चकमकीत अडकू लागली. मुलांची पत्रे घरी आली, ती पालकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे नेली आणि १९६७ साली तेथील संसदेच्या समितीने उघड चौकशी केली. काडतुसातील दारू बदलली गेली होती, त्याचा परिणाम रायफलीवर काय होईल याची काळजी घेतली नव्हती, जवानांना सफाईची साधने पुरेशी दिली नव्हती, हे सारे छापून आले. काडतुसांतील दोष दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांचे वर्तन गुन्हेगारी हलगर्जीपणाच्या सीमेवरचे आहे, इतक्या स्पष्ट शब्दांत समितीने ठपका ठेवला. त्याने अमेरिकी सैन्याचे मनोबल खचले नाही; नळीतील दोष दूर झाले आणि त्याच रायफलीची सुधारित पिढी दशकानुदशके वापरली गेली.

जर्मनीचा धडा वेगळा आहे. तेथील जी-३६ रायफल तापल्यावर नेम चुकवते, असे २०१५ साली खुद्द संरक्षणमंत्र्यांनी सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कारण सरकारने करारात जे मागितले होते, ते कंपनीने दिलेले होते! ज्याला नीट मागता येत नाही त्याला नीट मिळतही नाही. खरेदीचा कागद लिहिणाऱ्या बाबूच्या लेखणीतही जवानाचा प्राण असतो, हे त्या निकालाने दाखवून दिले.

स्वदेशी ही सवलत नव्हे

आता आपल्याच मंडळींशी दोन शब्द. स्वदेशी शस्त्रातील दोष दाखविला की आपल्यातील काहींना तो स्वदेशीचा अधिक्षेप वाटतो. परदेशी शस्त्रविक्रेत्यांच्या दलालांना आयते कोलीत मिळेल, ही भीती अनाठायी नाही. शस्त्रांच्या बाजारात सज्जनांची वस्ती नसते, हे बोफोर्सनंतर या देशाला सांगण्याची गरज नाही. परंतु दलालाला खरे कोलीत देतो तो वाईट माल, त्या मालावर बोट ठेवणारा नव्हे. ईशापूरची रायफल चाचणीत उतरली असती, तर परक्याच्या दुकानाची पायरी चढावी लागली नसती. स्वदेशी हे व्रत आहे. व्रतस्थाला अधिक कडक नियम लागू होतात, सैल नव्हे. ‘आपलेच आहे, चालवून घ्या’ ही वृत्ती स्वदेशीची नाही. ती आळसाची आहे.

दुसरा आक्षेप मनोबलाचा. अशी चर्चा केल्याने जवानाचे मनोबल खचते म्हणे! जवानाला आपल्या रायफलीचे गुणदोष लेख वाचून कळत नाहीत. ते त्याला खांद्यावर कळतात. त्याचे मनोबल खचते ते आपले म्हणणे कोणी ऐकत नाही, या जाणिवेने.

तिसरा मुद्दा कामगारांचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आली, रायफलींची कानपुरात. कामगार महासंघांनी, त्यांत भारतीय प्रतिरक्षा मजदूर संघही होता, या निर्णयाला विरोध केला. कामगाराच्या भाकरीची चिंता रास्तच होती. परंतु भंडाऱ्यात जो गेला तोही कामगारच होता. गुणवत्ता आणि सुरक्षा या मागण्या वेतनाइतक्याच आग्रहाने कामगार संघटनांनी मांडल्या, तर त्यांच्यामागे सारा समाज उभा राहील. आणि शासनानेही लक्षात घ्यावे: पाटी बदलल्याने पोलाद बदलत नाही. मंडळाची कंपनी झाली म्हणजे उत्तरदायित्व आपोआप येते, हा भ्रम आहे.

मग हवे तरी काय? प्रत्येक खरेदीकरारात सदोष माल विनामूल्य बदलून देण्याची आणि अपघाताच्या भरपाईची अट कारखान्यावर हवी, मग तो सरकारी असो वा खासगी. अपघाताच्या चौकशीत निर्माता, तपासनीस आणि सैन्य या तिघांबाहेरचा तज्ज्ञ हवा, आणि गोपनीय भाग वगळून अहवाल संसदेपुढे हवा. जवानाला आपल्या शस्त्राविषयी निर्भयपणे तक्रार नोंदविता यावी आणि त्या तक्रारीचे काय झाले ते त्याला कळावे. सदोष ठरलेला साठा किती दिवसांत हलवायचा याची मुदत हवी, आणि ती टळली तर नाव घेऊन जबाबदारी हवी. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातून ‘उग्रम’ ही ७.६२ची नवी स्वदेशी रायफल पुढे आली आहे. तिचे कौतुक अवश्य करू; परंतु तिची परीक्षा इन्सासपेक्षा कठोर झाली पाहिजे, अशीच तिच्या हितचिंतकांची मागणी असली पाहिजे.

हे सारे परदेशातून उसने आणावे लागते असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी आज्ञा आहे: तो वस्तीच्या घराजवळ नसावा, ठराविक दिवसांनी हवालदाराने तेथे जाऊन दारू, बाण बाहेर काढवावेत, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. तीनशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचताना एका शब्दापाशी थांबावे: ‘हवालदाराने’. कोणी जायचे, हे तेथे ठरलेले होते. पुलगावच्या भूसुरुंगांबाबत नेमके तेच ठरलेले नव्हते.

अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, असे त्यांना सांगणे आपल्या हाती आहे. ग्राहक चळवळीतील कार्यकर्त्यांनी या मुक्या ग्राहकाचे वकीलपत्र घ्यावे. येत्या दसऱ्याला शस्त्रावर फूल वाहताना एवढे तरी मनाशी विचारावे: ज्याच्या हाती हे शस्त्र आपण दिले, त्याला ते परत करण्याचा अधिकार दिला आहे काय?